उगीच फिरण्याचे क्रियापद

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एक शब्द जन्मभर पुरतो. तो शब्द म्हणजे 'प्रयोजन'. कर्जाचा अर्ज घ्या, त्यात 'कर्जाचे प्रयोजन' असा रकाना असतो. रजेचा अर्ज घ्या, त्यात 'रजेचे प्रयोजन' असते. आमच्या एका सहकाऱ्याने एकदा त्या रकान्यात प्रामाणिकपणे 'कंटाळा' असे लिहिले होते. अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'वैयक्तिक काम असे लिहावे.' आता कंटाळ्याहून अधिक वैयक्तिक काम माणसाला दुसरे कोणते असते? पण बँकेला हे पटत नाही. बँकेच्या मते पैसा, कागद आणि माणूस हे तिन्ही जागचे हलायचे ते काही कारण असेल तरच.

त्यात मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कॉलेजात माझे मराठीतले मित्र कवितेचे रसग्रहण करत होते तेव्हा मी घसाऱ्याच्या दोन पद्धतींतला फरक पाठ करत होतो. शब्दांशी माझा संबंध आला तो 'अक्षरी रुपये' एवढ्यापुरता. त्यामुळे उतारवयाच्या उंबरठ्यावर एका इंग्रजी क्रियापदाने मला झपाटावे, हे जरा नवलच आहे. पण झाले खरे तसे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. बँकेतल्या माणसाला शेजारी फुकटचा सल्लागार समजतात, डॉक्टरच्या खालोखाल. प्राध्यापकांनी एका संध्याकाळी मला बाकावर गाठले आणि ठेवीच्या व्याजातून कर का कापला, असे विचारले. प्रश्न सरळ होता. उत्तरही एका वाक्याचे होते. पण मी सुरुवात केली ती मुदतठेवीपासून, तिथून पोस्टाच्या योजनांवर गेलो, पोस्टावरून आमच्या गावच्या पोस्टमनवर, पोस्टमनवरून त्याच्या सायकलीवर आणि सायकलीवरून गुडघेदुखीवर. चाळीस मिनिटांनी प्राध्यापक म्हणाले,

"तुम्ही मघापासून स्ट्रव्हेग करताय."

मला वाटले, अफरातफरीचा हा एखादा नवा प्रकार असावा. मी दचकून म्हटलं, "यात चौकशी लागते का हो?"

"लागत नाही. स्कॉटलंडात तर याला चांगलं समजतात," प्राध्यापक म्हणाले आणि घरातून एक जाडजूड शब्दकोश घेऊन आले. पुढचा दीड तास व्याज राहिले बाजूला. माझ्या आयुष्यात मुद्दलाला हात न लागता झालेला हा एकमेव फायदा.

तर 'स्ट्रव्हेग' म्हणजे ठरावीक काम नसताना, ठरावीक वाट नसताना हिंडणे. हे क्रियापद स्कॉटलंडचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते तिथल्या बोलीत दिसते. अशा हिंडणाऱ्याला 'स्ट्रव्हेगर' म्हणतात, आणि म्हणणारा कोण आहे यावर ती शिवी की कौतुक हे ठरते. त्या पोराची आई म्हणाली तर शिवी.

आता हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये 'एक्स्ट्रा' म्हणजे बाहेर आणि 'वॅगारी' म्हणजे भटकणे. मध्ययुगात या दोघांची गाठ पडून 'हद्दीबाहेर भटकणे' असे क्रियापद तयार झाले. त्यावरून इंग्रजीत 'एक्स्ट्राव्हेग' आले. त्याचा अर्थ वाट सोडून जाणे आणि मुद्दा सोडून बोलणे, असा दोन्हीकडचा. इंग्रजीतून ते पुढे नाहीसे झाले. कोशकारांच्या मते बहुधा तेच स्कॉटलंडच्या डोंगरात 'स्ट्रव्हेग' होऊन राहिले. म्हणजे शब्द भटकत भटकत उत्तरेला गेला आणि त्याचा पुढचा भाग वाटेत कुठेतरी पडला. आमची फक्त छत्री पडते.

इथवर ठीक होते. पण प्राध्यापकांनी पुढचे वाक्य उच्चारले आणि माझ्यातला कारकून खडबडून जागा झाला. "आपण उधळ्या माणसाला 'एक्स्ट्रॅव्हगंट' म्हणतो ना, तोही याच घरातला."

बँकेत आम्ही हा शब्द ग्राहकाच्या खात्याकडे बघून दबक्या आवाजात उच्चारतो. पण त्याला पैशाचा वास लागला तो फार उशिरा, अठराव्या शतकाच्या सुमारास. त्याआधी एक्स्ट्रॅव्हगंट म्हणजे नुसता हद्दीबाहेर भटकणारा. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये पहिल्याच अंकात हा शब्द भुताला लावलेला आहे. त्या भुताने काही उधळपट्टी केलेली नव्हती. ते बिचारे आपली हद्द सोडून रात्री फिरत होते आणि कोंबडा आरवताच त्याला परत जावे लागत होते. एवढी शिस्त तर आमच्या शाखेत बायोमेट्रिक हजेरी आल्यावरही दिसत नाही. त्याहून गंमत म्हणजे, रोमच्या पोपांचे जे हुकूम मूळ संग्रहात बसत नव्हते त्यांनाही 'एक्स्ट्राव्हॅगान्टेस' म्हणत. म्हणजे फायलीबाहेर हिंडणारे कागद. आमच्या बँकेत अशा बेवारशी नोंदी 'सस्पेन्स' खात्यात टाकतात आणि वर्षअखेरीला त्यांच्याकडे बघून सगळे एकदम चहाला जातात.

हे ज्ञान मी घरी जाऊन ताबडतोब सौभाग्यवतीला दिले. कारण आदल्याच दिवशी मी आठशे रुपयांचे पेन आणले म्हणून तिने मला 'एक्स्ट्रॅव्हगंट' ही पदवी दिली होती. मी म्हटलं, "अगं, त्याचा मूळ अर्थ भटक्या असा आहे."

ती म्हणाली, "मग दोन्ही अर्थांनी लागू आहे. कोथिंबीर आणायला साडेपाचला गेला होतात. आता सव्वाआठ झालेत. कोथिंबीर कुठाय?"

कोथिंबीर बाकावर राहिली होती. याला माझ्या मते स्ट्रव्हेग म्हणू नये, हे कोथिंबिरीचे स्वातंत्र्य आहे. पण ते मी बोललो नाही.

एकदा नाद लागला की लागला. पुढचे काही रविवार मी आणि प्राध्यापक या भटक्या खानदानाचा वंशवृक्ष काढत बसलो. हे खानदान मोठे निघाले. 'व्हॅगाबाँड' हा त्यातलाच. 'व्हेग' म्हणजे मोघम, हाही त्यातलाच. भटकता भटकता धूसर झालेला. आमच्या साहेबांच्या सूचना या वर्गात मोडतात. आणि सर्वांत आश्चर्य म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक भटक्या राहतो. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात, त्यांतल्या दहाव्या जोडीचे नाव 'व्हेगस', म्हणजे चक्क 'भटका'. बाकीच्या जोड्या बहुतेक डोक्यात आणि मानेतच कामे आटोपतात. हा पठ्ठ्या मानेतून उतरतो, छातीत हृदयाची विचारपूस करतो, फुप्फुसांकडे डोकावतो आणि थेट पोटात जाऊन पचनाची चौकशी करतो. म्हणजे शरीरातल्या ज्या कर्मचाऱ्याला भटक्या म्हटले, तोच सगळ्या शाखांची तपासणी करत असतो. तो एका टेबलावर बसून राहिला असता तर काय झाले असते, याचा विचार टेबलावर बसून राहणाऱ्यांनी करावा.

वरती आकाशातही तेच. 'प्लॅनेट' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ भटकणारा. बाकीचे तारे आपापल्या जागा धरून असतात आणि हे मात्र त्यांच्यामधून हिंडतात, म्हणून हे नाव. शनी माझ्या राशीला साडेसात वर्षे येऊन बसला तेव्हा तो भटकत का नव्हता, हे मी प्राध्यापकांना विचारले. ते म्हणाले, हा प्रश्न इंग्रजी विभागाच्या कक्षेत येत नाही.

भटकण्याचे आणखी एक क्रियापद इंग्रजीत आहे, 'मीअँडर'. ते एका नदीचे नाव आहे. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला ही नदी आहे आणि तिथे तिला ब्युयुक मेंदेरेस म्हणतात. ती इतकी वळसे घेत वाहते, की ग्रीक लोकांनी वळणावळणाच्या प्रत्येक गोष्टीला तिचे नाव दिले. आपल्याकडेही पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळली म्हणून चंद्रभागा झाली. पण आपण वळणाला नमस्कार केला. तिकडच्या लोकांनी वळणावर खटले भरले. हे मी विनोदाने म्हणत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्ट्रेबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने सांगून ठेवले आहे, की नदीने काठ खाल्ला आणि जमिनीची हद्द बदलली तर लोक तिच्यावर म्हणे दावा लावत, आणि नदी हरली तर दंड नावेच्या उतारूंकडून मिळणाऱ्या पैशातून भरला जाई.

हे ऐकल्यावर मी बाकावरून उठून उभाच राहिलो. वसुलीचे इतके निर्दोष प्रकरण मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाही. ऋणकोचा पत्ता कायम, उत्पन्न नियमित, फरार होण्याची शक्यता नाही, आणि तारण अखंड वाहते! आमच्या वसुली विभागाला अशी एखादी नदी मिळाली असती तर थकबाकीचा प्रश्न मिटला असता. अर्थात शेवटी जिंकली नदीच. तिने गाळ आणून आणून समुद्रच मागे ढकलला, आणि मिलेटस नावाचे एके काळचे भरभराटीचे बंदर आज समुद्रापासून काही किलोमीटर आत कोरड्यात उभे आहे. उगीच फिरणाऱ्याला कमी समजू नये, तो नकाशा बदलून जातो.

'सॉण्टर' म्हणजे रमतगमत चालणे, या क्रियापदाची कथा तर आणखी रंगतदार. मध्ययुगात काही लोक पवित्र भूमीच्या यात्रेला निघालो असे सांगत गावोगाव जेवत हिंडत. पवित्र भूमी म्हणजे फ्रेंचमध्ये 'सँत तेर', त्यावरून सॉण्टर. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ही व्युत्पत्ती आहे. अमेरिकेतल्या थोरोने आपल्या 'वॉकिंग' या निबंधात ती उचलून धरली. १८६२ साली त्याच्या मृत्यूनंतर लगेचच तो निबंध छापून आला. थोरो आणखी एक पर्याय देतो, 'सान्स तेर', म्हणजे ज्याला घरदार नाही असा. दोन्ही व्युत्पत्ती सुरेख आहेत आणि आजचे भाषाशास्त्रज्ञ दोन्ही मानत नाहीत.

"म्हणजे खोट्या?" मी जरा हिरमुसून विचारले.

"हिशेबाला खोट्या," प्राध्यापक म्हणाले, "ऐकायला खऱ्या." असे उत्तर मी लेखापरीक्षकाला दिले असते तर? पण प्राध्यापकांना निवृत्तिवेतन मिळते, त्यांना भीती नाही.

याच जॉन्सनने १७५० साली एक नियतकालिक काढले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी निघायचे. नाव सुचेना. तेव्हा तो रात्री पलंगावर बसून राहिला, की नाव ठरल्याशिवाय झोपायचेच नाही. शेवटी 'द रॅम्बलर' या नावावर त्याने दिवा मालवला. पुढे इटालियन भाषेत या नावाचे भाषांतर झाले 'इल वागाबोंदो', म्हणजे उनाड. एवढा गंभीर, नीतिमान, अवजड वाक्ये लिहिणारा पंडित, आणि परदेशात त्याची ओळख उनाड म्हणून! नाव घाईने ठेवू नये ते यासाठी. आमच्या एका नातेवाइकांनी मुलाचे नाव 'स्थिर' ठेवले आहे; तो शाळेत बाकावर बसत नाही.

इतके झाल्यावर माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. सगळे भटके काय इंग्रजीतच आहेत? मी हिशेबाला बसलो. हिंडणे, भटकणे, उंडारणे, हुंदडणे, उनाडक्या करणे. चालण्याच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. फक्त यातले प्रत्येक क्रियापद मला पहिल्यांदा वडिलांच्या तोंडून, आणि माझ्याच संदर्भात ऐकायला मिळाले, एवढेच. बोलण्याच्या बाबतीत तर आपली भाषा थेट शेतातच उतरते. लांबलचक बोलण्याला आपण 'गुऱ्हाळ' म्हणतो, 'चऱ्हाट' म्हणतो. एकात चरक रात्रंदिवस फिरत असतो, दुसऱ्यात दोर संपता संपत नाही. पण जरा थांबून बघा. गुऱ्हाळ कितीही वेळ चालले तरी शेवटी गूळ निघतो. चऱ्हाट कितीही वळले तरी शेवटी दोर हाती लागतो, गुरे बांधायला होतो. शिवी द्यायला आपण उपयोगाच्याच वस्तू निवडल्या, यात पूर्वजांनी काहीतरी सुचवले असावे.

लॅटिन लोकही शेतातच गेले होते. वातात बडबडणाऱ्या रोग्याला डॉक्टर 'डिलिरियम' झाला म्हणतात. त्यातला 'लिरा' म्हणजे नांगराचे तास. नांगर तासातून बाहेर गेला, की डिलिरियम. आपल्या संस्कृतने हेच एका शब्दात बसवले, 'भ्रम'. त्याच धातूतून भ्रमण, त्यातूनच भ्रमिष्ट. फिरणे आणि चुकणे या दोघांचे घर एकच. पण संस्कृत ही हुशार भाषा, तिने दुसरी बाजूही लिहून ठेवली. 'चर्' म्हणजे चालणे, फिरणे. त्यापासून संचार, आचार, प्रचार, चारित्र्य. त्यापासून विचार. आणि अगदीच वाट सोडली तर व्यभिचार. म्हणजे विचार आणि व्यभिचार यांत अंतर फक्त एका 'अभि'चे. हे मी घरी सांगितले नाही. सगळीच व्युत्पत्ती घरी सांगण्यासारखी नसते.

आता पुन्हा स्कॉटलंडकडे येतो. गेलो कधी नाही, पण प्राध्यापकांच्या बाकावरून ते बरेच जवळ पडते. त्या देशात तीन हजार फुटांपेक्षा उंच डोंगरांना 'मन्रो' म्हणतात, कारण सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ साली त्यांची यादी छापली. आजच्या यादीत २८२ शिखरे आहेत. काही लोक यादी खिशात घेऊन निघतात, एकेक शिखर चढतात आणि पुढे खूण करतात. ही माणसे आमच्या बिरादरीची. बेरीज जुळल्याशिवाय यांना झोप लागत नसणार. पण खुद्द मन्रोसाहेबांची यादी अपुरीच राहिली. १९१९ साली ते वारले तेव्हा चढायचे काही शिल्लक होते. ताळेबंद कोणाचाच जुळत नाही, हे बघून मला फार बरे वाटले.

दुसऱ्या बाजूला नॅन शेफर्ड नावाची ॲबर्डीनची एक बाई. शिक्षकांच्या कॉलेजात शिकवायची आणि सवड मिळाली की केर्नगॉर्म्सच्या डोंगरात शिरायची. शिखर गाठणे हे तिच्या दृष्टीने मुख्य नव्हतेच, डोंगरात असणे मुख्य होते. १९४० च्या दशकात तिने 'द लिव्हिंग माउंटन' हे लहानसे पुस्तक लिहिले आणि ते सुमारे तीस वर्षे खणात ठेवून दिले. १९७७ साली ते छापले गेले. आणि २०१६ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने पाच पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र छापले.

नोटेवर! वाचकहो, मी रोज हजारो नोटा मोजतो. नोटेवर जाण्यासाठी माणसाने काय करावे लागते, याची मला चांगली कल्पना आहे. पण प्रयोजनाचा रकाना कोरा ठेवून डोंगरात फिरलेली बाई एका बँकेने नोटेवर घ्यावी, हे वाचून मी दुसऱ्या दिवशी कॅश मोजताना दोनदा थांबलो. त्या देशाने २००३ साली कायदाच केला आहे, की जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर आणि पाण्याकाठी हिंडण्याचा हक्क आहे. कशासाठी आलात, असे कोणी विचारत नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवायला मात्र अजून अर्ज लागतो.

हे सगळे मला एरवी करमणुकीचेच राहिले असते. पण मध्ये नोव्हेंबर आला.

नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाने आपण जिवंत आहोत असे वर्षातून एकदा सिद्ध करायचे असते. ऐंशी ओलांडलेल्या केंद्र सरकारच्या निवृत्तांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावर, आणि २०२१ पासून तर घरबसल्या मोबाइलसमोर चेहरा धरूनही होते. डोळे मिटा, उघडा, झाले, आपण जिवंत. त्यामुळे रांगा कमी झाल्या. आमच्या शाखेत त्याच सुमारास वरून एक फर्मान आले, की एका ग्राहकाला सरासरी चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, आणि 'विषयांतर टाळावे'.

आमच्याकडे एक निवृत्त स्टेशनमास्तर येतात. वय त्र्याऐंशी. सगळी नोकरी दौंड-मनमाड मार्गावर गेली. जन्मभर गाड्या रुळांवरून सरळ सोडल्यामुळे असेल, पण बोलणे मात्र रूळ सोडून चालते. त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. मी संगणकात पाहिले, त्यांचा दाखला ऑक्टोबरमध्येच जमा झाला होता.

"मास्तर, तुमचा दाखला आलाय. नातवानं मोबाइलवरून पाठवलाय."

"हो, पाठवला ना. मला म्हणाला, डोळे मिचकाव. मिचकावले," मास्तर म्हणाले. "म्हटलं, चला, मोबाइलला कळलं. आता बँकेलाही सांगून यावं."

काम संपले होते. फर्मानाप्रमाणे मी 'पुढचे' असे म्हणायला हवे होते. पण डोक्यात स्ट्रव्हेग बसला होता, आणि मागे रांगेत फक्त एक कॉलेजचा मुलगा, तोही कानात गाणी घालून. मी काउंटरच्या या बाजूची खुर्ची ओढून दिली.

मास्तर निघाले. अमुक सालच्या पुरात गाडी आउटर सिग्नलला सात तास उभी होती, इथून सुरुवात झाली. गाडीत लग्नाचे वऱ्हाड होते. वऱ्हाडाला मास्तरांच्या घरून पिठले-भाकरी गेली. त्या भाकऱ्या एकट्या मास्तरीणबाईंनी केल्या, शेजारच्या खलाशाच्या बायकोला मदतीला घेऊन. मग त्या खलाशाची शेळी. मग शेळीच्या दुधाचे पैसे. मग मास्तरीणबाईंची भिशी. संगणकाच्या कोपऱ्यात चार मिनिटांचे आकडे लाल झाले, मग आणखी लाल व्हायला जागा उरली नाही. आणि मग मास्तर अगदी सहज म्हणाले, "त्या भिशीच्या पैशातूनच हिनं तुमच्याकडं पहिली ठेव ठेवली. नाव माझं, वारस ती. म्हणायची, तुम्ही आधी जाणार, मला माहितीये. आता बघा, तीच गेली पुढं. दोन वर्षं झाली. मी आपला इकडं डोळे मिचकावतोय."

मी ठेवींची यादी उघडली. एक नव्हे, चार ठेवी. चारही ठेवींवर नामनिर्देशन मास्तरीणबाईंचेच. दोन वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. कसे येणार? ठेवी आपोआप नूतनीकरण होत होत्या. मोबाइल चेहरा बघून माणूस जिवंत आहे का एवढेच विचारतो. त्याच्यामागे घरातले कोण गेले, हे विचारण्याचा रकानाच कुठे नाही. पिठले-भाकरीच्या वळणाने गेल्याशिवाय ते स्टेशन येतच नव्हते.

मी नामनिर्देशन बदलण्याचे फॉर्म काढले आणि भरून दिले. कोणाचे नाव घालायचे, असे विचारले तेव्हा मास्तर पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, "मुलीचं घाला. पण हिचं नाव खोडताना जरा सरळ रेघ मारा." मी म्हटलं, "मास्तर, खोडत नाही. नवीन फॉर्म असतो. जुना तसाच फायलीत राहतो." त्यांना ते बरे वाटले. मलाही.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावले. पडद्यावर माझ्या खिडकीसमोर एक ग्राहक बेचाळीस मिनिटे दिसत होता. साहेब म्हणाले, "याचं प्रयोजन काय?" मी चार फॉर्म पुढे ठेवले. साहेबांनी ते वाचले, एकदा माझ्याकडे बघितले, आणि शेऱ्याच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिले, 'नामनिर्देशन दुरुस्ती, ४ प्रकरणे.' चारने भागल्यावर प्रत्येकी साडेदहा मिनिटे येतात. चारच्या सरासरीत तेही बसत नाही. पण साहेब मूळचे वाणिज्य शाखेचेच, त्यांनी पुढे भागाकार केला नाही. उलट विचारले, "त्या शेळीचं पुढं काय झालं?" म्हणजे भिंतीपलीकडे ते ऐकत होते तर.

शेळीचे पुढे काय झाले ते मलाही अजून कळलेले नाही. मास्तर म्हणाले आहेत, पुढच्या महिन्यात येऊन सांगतो. त्यांचे आता बँकेत काही काम नाही, म्हणजे ते नक्की येतील.

हा सगळा वृत्तान्त मी रात्री घरी सांगितला. सौभाग्यवतीने शेवटपर्यंत ऐकला, मध्ये एकदाही 'मुद्द्याचं बोला' म्हणाली नाही. मग उठून पदर नीट केला, चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "चला, जरा ते तुमचं स्ट्रॉबेरी का काय, ते करून येऊ."

मी म्हटलं, "येताना काही आणायचंय का?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर चला."